दोरा सोडीपर्यंत

वहीत लिहिलं ते :

रविवार. पाणी – सकाळी एक गिलास, दुपारी एक गिलास, संध्याकाळी दूध. लघवी – सहा, आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा, झोपताना.

वहीत लिहिलं नाही ते :

रविवारी सहा वर्षांची समता सकाळी सहाला लघवीला जाऊन आली आणि त्यानंतर थेट दुपारी दीडला. मधल्या साडेसात तासांतले सहा तास ती शेडनेटमध्ये होती, मिरचीच्या तिसऱ्या ओळीत, आपल्या मायच्या पायाशी, करंगळीला लाल लोकरीचा दोरा बांधून.

संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या बाईनं फोनवर बजावून सांगितलं होतं की तपासणीच्या आधी पोरगी किती पाणी पिते आणि किती वाजता लघवीला जाते, सगळं लिहून आणा. समताच्या मायनं, जयमालानं, तिच्याच चाररेघी वहीची मागची पानं उघडली. 'सहा' लिहिलं. पुढं 'दीड' लिहायचं होतं, तिथं पेन अडलं. मग मास्तर न येताच हजेरी भरावी तसे तिनं दोन-दोन तासांचे आकडे भरून टाकले. आठ, दहा, बारा. कागदावर पोरगी एकदम निरोगी दिसायला लागली.

देऊळगाव राजापासून सहा मैलांवर त्यांचं शेत होतं. शेतात दहा गुंठ्यांचं पांढरं नेट आणि नेटात ढोबळी मिरची, खायची नव्हे, बियाण्याची. कळी उमलायच्या आदल्या दुपारी तिच्या पाकळ्या चिमट्यानं उकलायच्या, आतले पुंकेसर एक-एक उपटून टाकायचे, पण मधली हिरवी काडी जराही दुखवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीच्या टोकाला दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर लावायची आणि देठाला लाल लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा दिसला की समजायचं, हिचं काम झालं, आता हिला कुणी हात लावायचा नाही.

हे काम पंचवीस दिवस चालतं. भादव्याचं ऊन नेटातून गाळून येतं पण गरमी गाळून येत नाही. आत सहा बाया, जयमाला आणि तिचा नवरा गोकुळ. नेटाला एकामागं एक अशी दोन दारं, दोन्हींना चेन. दार उघडलं की पांढरी माशी आत शिरते, वाऱ्यानं बाहेरचा पराग येतो आणि बियाण्यात भेसळ निघते. म्हणून सकाळी सातला दार लागलं की एकपर्यंत उघडायचं नाही, हा नियम. नियम जयमालाचा. बायांनी येताना पाणी पिऊ नये, हाही तिचाच. तो तिनं कधी तोंडानं सांगितला नव्हता, नुसती पाण्याची कळशी दोन्ही दारांच्या बाहेर ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वी समताला घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तिला आत घेतलं. तासाभरात पोरगी म्हणाली, मम्मी, लागली. जयमालाच्या चिमट्यात कळी होती. तिनं लोकरीचा दोरा तोडला, पोरीच्या करंगळीला बांधला आणि सांगितलं, हा मी सोडीन तवा जायचं. समतानं दोऱ्याकडं पाहिलं, मांडीवर मांडी चढवली आणि गप्प बसली. एक वाजेपर्यंत. बायांनी फार कौतुक केलं. गुणाची पोरगी म्हणाल्या. पुष्पाबाई तेवढी म्हणाली होती, "मालकिणीच्या पोरीले दोरा तरी हाये. आमी तं बिनदोऱ्याच्याच धरून बसतो." सगळ्या हसल्या होत्या. जयमालाही हसली होती.

त्या वर्षापासून समताला ताप यायला लागला.

वहीत लिहिलं ते :

सोमवार. पाणी – तीन गिलास. लघवी – सहा, आठ, दहा, साडेबारा, दोन, चार, सात.

('साडेबारा' तिनं मुद्दाम टाकलं. सगळेच आकडे सरळ असले तर संशय येईल.)

वहीत लिहिलं नाही ते :

सोमवारी संभाजीनगरला जाण्यावरून घरात बोलणं झालं.

देऊळगावच्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं होतं की डावी किडनी उजवीहून लहान राहिली आहे. लघवी खाली जाण्याऐवजी उलटी वर चढत असेल तर प्रत्येक तापात त्या किडनीवर एक डाग पडत जाईल. चढते का, किती चढते, हे पाहिल्याशिवाय औषध की ऑपरेशन ते ठरत नाही. आणि ते दिसतं ते पोरगी लघवी करत असतानाच.

हे पाहायचा एक प्रयत्न मागच्या वर्षी होऊन गेला होता. एका मोठ्या दवाखान्यात, एक्स-रेच्या थंड खोलीत. जयमालाला दाराबाहेर ठेवलं. आत दोघांनी पोरीचे हात धरले, दोघींनी पाय, पाचव्यानं लघवीच्या वाटेनं नळी घातली. बाहेर आधी आवाज आला, मग आवाज बसला, मग नुसतं घशातून काहीतरी येत राहिलं. फोटो निघाले ते हललेले. लघवी तर समतानं केलीच नाही. तिथून निघून घरी येईपर्यंत केली नाही. तेव्हापासून ती पाठीवर झोपत नव्हती. पालथी झोपायची, हात पोटाखाली घेऊन.

आता देऊळगावचे डॉक्टर म्हणत होते की संभाजीनगरला एक बाई हेच सोनोग्राफीवर करतात. एक्स-रे नाही. बारीक नळी घालावी लागते, ती काही चुकत नाही, पण लेकराला कुणी धरत नाही आणि माय जवळ बसते. फक्त मंगळवारी. आत्ता ताप नाही तर आत्ताच जा, ताप असला की तपासणी होत नाही.

गोकुळचं म्हणणं होतं की पुढच्या महिन्यात जाऊ. मंगळवारी पाचवी आणि सहावी ओळ भरून येणार. कळ्या वेळेवर उकलल्या नाहीत तर आपोआप उमलतील, स्वतःचाच पराग धरतील आणि तोडून फेकाव्या लागतील. या कामात जयमालासारखा हात गावात कुणाचा नव्हता. त्याची आई झुंबरबाई जात्यावरच्या दळणासारखं एकच धरून बसली होती की मागं नेलं तेव्हा काय निघालं, पोरगी तेवढी भेदरून आली.

जयमाला भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "पुढच्या महिन्यात ताप आला तं?"

गोकुळनं आपल्या बोटांकडं पाहिलं. नांगर, पाइप, नेटाच्या तारा यांत जाड झालेली बोटं. त्यांत चिमटा धरला की काडी मोडायचीच.

"जाय तू," तो म्हणाला. "मोडतीन तितक्या मोडतीन."

मंगळवार. वही पिशवीत.

पहाटे झुंबरबाईनंच समताचं डोकं विंचरलं, तिला फ्रॉक घातला आणि कानाशी काहीतरी पुटपुटून हातात बिस्किटाचा पुडा दिला. जयमाला घाईत होती. जालन्याची एसटी पकडायची, जालन्याहून पुढची गाडी. तिनं स्वतः घोटभर चहा घेतला, पाणी घेतलं नाही. एसटीत बसायच्या दिवशी ती कधीच पाणी घेत नसे.

गाडीत समता खिडकीशी बसली, डावी मूठ पोटाशी घट्ट आवळून. जयमालानं दोनदा विचारलं, मुठीत काय आहे. काही नाही. बिस्किट खा. एका हातानं खाल्लं. भ्याली आहे पोरगी, असं म्हणून जयमालानं सोडून दिलं. जालन्याच्या स्टँडवर विचारलं, लागली का? पोरीनं नाही म्हणून मान हलवली. दवाखान्याच्या दारात विचारलं. मान हलवली.

डॉक्टरबाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. अंगात पांढरा कोट नव्हता, साधा पंजाबी ड्रेस होता. त्यांनी आधी वही मागितली. पान उलटून म्हणाल्या की छान, दर दोन तासांनी जाते म्हणजे सवय चांगली आहे. जयमालानं होकाराची मान डोलावली. कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या.

खोलीत उजेड होता. पडद्याआड एक कोपरा, त्यात स्टीलचं भांडं आणि नळ. समता दारातच थांबली. पलंगाकडं पाहिलं, मग खोलीतली माणसं मोजली. डॉक्टरबाई, एक सिस्टर, मम्मी.

"धरणार कोण?" तिनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. "कोणीच नाही. तू मम्मीच्या मांडीत बस."

"अन् मी हलली तं?"

"हललीस तर मी थांबेन."

पोरीला ते खरं वाटलं नाही. पण जयमाला पलंगावर पाय फाकवून बसली तशी ती येऊन तिच्या पोटाला पाठ लावून बसली. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा पोटावर फिरवायचा प्रोब आधी तिच्याच हातात दिला, थंडगार जेली पोटावर तिलाच लावू दिली. समोरच्या यंत्राच्या पडद्यावर काळं-करडं काहीतरी हललं. हे तुझं पोट, हे मूत्राशय, हे बघ रिकामं नाही, थोडं भरलेलंच आहे. दोन बाजूंना दोन दाणे, त्या किडन्या. डावीकडचा दाणा लहान आहे हे जयमालालाही कळलं. वालाच्या शेंगेत पोचट दाणा राहतो तसा.

मग सुन्न करायचं औषध लावलं. दहा मिनिटं थांबले. कुणी घाई केली नाही. डॉक्टरबाईंनी नळी काढली. आगपेटीच्या काडीहून बारीक आणि लुसलुशीत. जयमाला त्यांच्या तोंडाकडं पाहत नव्हती, बोटांकडं पाहत होती. अंगठा आणि तर्जनी कुठं टेकतात, करंगळीचा आधार कुठं घेतात, जोर मनगटातून येतो की बोटातून. समता एकदा आखडली. बोटं तिथंच थांबली. पोरीनं श्वास सोडला तशी पुढं सरकली. हा हात नेटातला होता. या हाताखाली काडी मोडली नसती.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

समतानं खाली पाहिलं. "झालं?"

बाटलीतून पांढुरकं पाणी नळीवाटे आत उतरायला लागलं. त्यात बारीक बुडबुडे असतात, ते पडद्यावर पांढरे दिसतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. काळी पिशवी खालून पांढरी होत गेली. त्या मोठ्यानं माप सांगत होत्या. शंभर. दीडशे. दोनशे. लागली का गं? नाही. अडीचशे. आता? नाही. पोरीच्या कपाळावर घाम होता. पाय एकमेकांवर चढले होते. तीनशे.

डॉक्टरबाईंनी नळी बंद केली. वहीकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. म्हणाल्या की दर दोन तासांनी जाणाऱ्या मुलाला दोनशेच्या पुढं धरवत नाही, हे काय आहे मला समजत नाही. पलंगाखालून दुसरं भांडं काढून पोरीपुढं आणलं. समतानं मान हलवली. सिस्टरनं नळ सोडला, पाण्याची धार वाजली. समतानं डोळे मिटले.

"अजून भरता येणार नाही," डॉक्टरबाई जयमालाला म्हणाल्या. आवाज तोच होता, पण शब्द तुटक झाले होते. "आणि हे बुडबुडे फार वेळ टिकत नाहीत. विरले की मला काही दिसणार नाही. आज नाही झालं तर पुन्हा यावं लागेल, पुन्हा नळी. किंवा भूल द्यायचा विचार करावा लागेल."

पुन्हा नळी हे समतानं ऐकलं. तिचं अंग मांडीत दगडासारखं झालं.

जयमालाच्या डोळ्यांसमोर चाररेघी पान आलं. आठ, दहा, बारा.

"वही खोटी हाये, बाई," ती म्हणाली.

सिस्टरनं नळ बंद केला.

मग जयमालानं सांगितलं. सगळं सांगायला वेळ नव्हता, पण नेट सांगितलं, दोन दारं सांगितली, एक वाजेपर्यंतचं सांगितलं. दोरा सांगितला. बोलता बोलता तिचा हात आपोआप समताच्या डाव्या मुठीवर गेला आणि तिथं थांबला. तिनं मूठ उघडली. एक-एक बोट सरळ केलं. करंगळीला लाल लोकर होती, तीन फेरे, म्हातारीच्या हातची गाठ. दोऱ्याच्या वरचं टोक जांभळं पडलं होतं.

"आजीनं बांधला," समता म्हणाली. "एसटीत होऊ नये म्हणून. तू सोडशीन तवा, म्हणली."

गाठ ओली होऊन बसली होती. नखानं निघेना. डॉक्टरबाईंनी काही न विचारता ट्रेमधला बारीक चिमटा पुढं केला. जयमालानं तो धरला, करंगळीचा आधार घेतला, गाठीच्या आत टोक सारलं. कळी उकलते तशी गाठ उकलली. लोकर पलंगावर पडली.

"जाय आता," ती म्हणाली. "सोडला पाह्य मी."

समता बोटाकडं पाहत राहिली. पडद्यावरचा पांढरा रंग वरच्या बाजूनं करडा व्हायला लागला होता.

"अन् तू?" समता म्हणाली.

"मी काय?"

"तू बी धरून बसली. सकाळपासून. मले मालूम हाये. तुह्याबी पोटात दुखते."

पोरगी दोन वर्षं तिच्या पायाशी बसली होती. मिरचीकडं पाहत असेल असं वाटत होतं. ती मायच्या मांड्या पाहत होती.

"आधी तू," समता म्हणाली.

जयमालानं डॉक्टरबाईंकडं पाहिलं. शरमेनं तिची मान आत गेली होती. डॉक्टरबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "जा. लवकर जा."

सिस्टर पोरीमागं बसली. जयमाला कोपऱ्यातल्या पडद्याआड गेली, लुगडं वर घेतलं, भांड्यावर बसली. आणि होईना. सकाळपासून, तसं पाहिलं तर नेट उभारल्यापासून चार वर्षं, तिनं जे आवळून ठेवलं होतं ते मोकळं करायची तिला सवयच राहिली नव्हती. पलीकडं तीन माणसं श्वास धरून ऐकत होती. पोटात कळ आली, ओटीपोट दगड झालं. तिनं भिंतीला हात टेकला. डोळे मिटले. कपाळ भिंतीला लावलं.

स्टीलच्या भांड्यात आधी दोन थेंब वाजले. मग धार. ती वाजतच राहिली. थांबायचं नाव घेईना.

पलंगावरून समताचं हसू आलं. "मम्मी, किती गं!"

आणि त्या हसण्यातच डॉक्टरबाईंचा आवाज आला, हळू, जणू मोठ्यानं बोललं तर काही उडून जाईल. "येतंय. हं. येऊ दे. येऊ दे बाळा."

जयमाला लुगडं सावरत बाहेर आली तेव्हा पोरगी मांड्या मोकळ्या करून बसली होती आणि डॉक्टरबाईंचा हात तिच्या कमरेवरून डावीकडं सरकत होता. पडद्यावर काळोखात एक पांढरी रेघ वर चढली. वळली. लहान दाण्याच्या मधोमध जाऊन पसरली. डॉक्टरबाईंनी बटण दाबलं. मग उजवीकडं गेल्या, तिथं खूप वेळ थांबल्या. उजवीकडं काळंच राहिलं.

नळी काढताना समता नुसती "हं" म्हणाली.

डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं ते असं. डावीकडं वर चढतं. किडनीपर्यंत जातं, पण तिला फुगवत नाही, मधलंच म्हणायचं. आज ऑपरेशन नाही. पुष्कळ मुलांचं वाढत्या वयात कमी होतं. काही महिने रोज रात्री एक औषध. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, अशाच रीतीनं. पण पोरगी अशी धरून बसली तर औषध काही करू शकणार नाही. पाणी भरपूर, आणि दर दोन तासांनी लागो न लागो जायचं. पुन्हा ताप आला, डाग वाढला, तर मग मात्र ऑपरेशन.

"दर दोन तासांनी," त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "तुम्ही लिहिलंय तसंच."

बुधवार.

पाचव्या ओळीत गोकुळनं मोडलेल्या काड्या जागोजाग दिसत होत्या. काही कळ्या त्यानं उकलल्याच नव्हत्या. त्या आपोआप उमलून पांढऱ्या पडल्या होत्या. जयमाला ओळीत वाकली. एक-एक तोडत गेली. झुंबरबाईला काल तिनं फक्त ती लोकर दाखवली होती, हातावर ठेवली होती; म्हातारी आज पाण्याची कळशी स्वतः उचलून आतल्या दाराशी ठेवून गेली होती.

नऊला फोन वाजला. अलार्म. भर पराग लावायच्या वेळेला. सगळ्यांचे हात थांबले.

जयमालानं चिमटा खिळ्याला अडकवला. समताचा हात धरला. गोकुळनं ओळीच्या पलीकडून पाहिलं आणि म्हणाला की आज बियाणं घेणाऱ्या कंपनीचा माणूस येणार आहे, माशी दिसली तर अख्खा प्लॉट नापास करतो. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. ती खरीही होती.

"मले मालूम हाये," जयमाला म्हणाली.

तिनं आतल्या दाराची चेन वर ओढली. उघड्या दाराशी थांबली. मागं सहा बाया खाली मान घालून उभ्या होत्या, कुणाच्याही हातातली पावडरीची डबी हलत नव्हती.

"कोणाले जायचं असन तं चला," ती म्हणाली. "सगळ्याच चला. दार एकदाच उघडीन."

कुणी हललं नाही. त्यांना वाटलं असावं, ही मालकीण आपल्याला तपासते आहे. मग चौथ्या ओळीतून पुष्पाबाई निघाली. बोटाला लागलेली पिवळी पावडर तिनं लुगड्याला पुसली. दाराशी आल्यावर जयमालाच्या तोंडाकडं न पाहता म्हणाली, "चार साल झाले बाई, तुह्या नेटात येऊन राह्यले मी."

आणि वाकून बाहेर गेली. मागून बाकीच्या.

वहीत लिहिलं ते :

बुधवार. नऊ – समता. जयमाला. पुष्पाबाई आन् पाच जणी.

पाणी – एक कळशी संपली.

माशी – गोकुळ मोजून राह्यला.